जेम्सटाउन : बाजार नसलेली वखार

१६०७ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातील जेम्सटाउनच्या मेढेकोटात राहणाऱ्या इंग्रजाच्या वाट्याला दिवसभरात काय येत होते, हे जॉर्ज पर्सीने लिहून ठेवले आहे. पाण्यात शिजवलेल्या जवाचे एक लहान भांडे, आणि तेही पाच जणांत. प्यायला नदीचे पाणी. भरतीला ते खारट होई आणि ओहोटीला चिखल व घाणीने भरलेले असे. पर्सी काही कंगाल शिपाई नव्हता, नॉर्थम्बरलंडच्या अर्लचा तो धाकटा भाऊ होता. त्याच्या लिखाणात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून पुढे मृतांची नावे तारखेनुसार येऊ लागतात. कोणी रक्ताच्या हगवणीने गेले, कोणी सूज येऊन, कोणी बाणाच्या जखमेने. बहुतेक मात्र नुसत्या उपासमारीने गेले, असे त्याचे मत.

त्या वर्षी १४ मे रोजी १०४ पुरुष व मुलगे या जागी उतरले होते. पुढच्या जानेवारीत रसदीचे जहाज आले तेव्हा त्यांपैकी ३८ जिवंत होते.

समोर नदी होती. तिच्यात पुरुषभर लांबीचे स्टर्जन मासे होते, मुखाशी खेकडे आणि कालवे होती, मागे हरणांनी भरलेले रान होते. अशा जागी माणसे भुकेने मेली कशी? या प्रश्नाला गेली चारशे वर्षे एक ठराविक उत्तर दिले जाते. ते आळशी होते. आलेल्यांत निम्मे ‘जंटलमन’ होते, हात मळवायला तयार नव्हते, सोने शोधत फिरले आणि शेती विसरले. शाळेच्या पुस्तकांत हेच, माहितीपटांत हेच, आणि इतिहासाची आवड असलेल्या तरुणांच्या चर्चेतही बहुधा हेच.

हा धागा त्या उत्तराविरुद्ध आहे. आळस नव्हताच, असे त्याचे म्हणणे नाही. पण हे उत्तर प्रथम कोणी दिले आणि ते देऊन कोणाची सुटका झाली, हे पाहिल्यावाचून ते स्वीकारू नये, एवढे म्हणणे निश्चित आहे.

आधी ही माणसे कोणी पाठवली ते पाहावे. व्हर्जिनिया कंपनीला सनद मिळाली १६०६ मध्ये. तिचा खजिनदार, म्हणजे प्रत्यक्ष सूत्रधार, सर थॉमस स्मिथ. हे नाव भारताच्या इतिहासातही भेटते. १६०० साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर हाच. जेम्सटाउन उपाशी होते त्या वर्षांत हा एकच व्यापारी लंडनमध्ये बसून दोन्ही कंपन्यांचा कारभार पाहत होता. १६०८ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या एका कंपनीचे ‘हेक्टर’ जहाज विल्यम हॉकिन्सला घेऊन सुरतेच्या बंदरी आले, आणि त्याच शरद ऋतूत दुसऱ्या कंपनीचे जहाज जेम्सटाउनला रसद घेऊन पोहोचले. दोन्हींमागे एकच व्यापारी मनोवृत्ती होती. दूरदेशी आपली माणसे बसवावीत, तिथला माल गोळा करावा, जहाजे भरून आणावीत आणि भागधारकांना नफा वाटावा.

मराठीत या व्यवस्थेला नेमका शब्द आहे, तो म्हणजे वखार. पण वखार म्हणजे केवळ गोदाम नव्हे. वखार चालते ती आसपास बाजार असतो म्हणून. सुरतेत तो होता. तापीच्या काठी जुने, गजबजलेले शहर, त्यात सराफ, दलाल, विणकर, बैलांचे तांडे, आणि शहराला धान्य पुरवणारा भोवतालचा मुलूख. इंग्रज कारकुनाला तिथे नांगर धरायची गरजच नव्हती. खिशात पैसा असला की पीठ, तूप, मांस, भाजी दारात येई. तिथे त्याला मृत्यू गाठत असे तो तापाने किंवा अतिमद्यपानाने, भुकेने क्वचितच.

जेम्सटाउनच्या आसपास असा बाजार नव्हता. माणसे मात्र जवळपास त्याच हिशेबाने पाठवली गेली होती. कंपनीने निघताना दिलेल्या लेखी सूचना आजही वाचायला मिळतात. त्यांत सुमारे १२० माणसांची विभागणी आहे. ४० जणांनी कोट व कोठार बांधावे, ३० जणांनी जमीन तयार करून पेरणी करावी, १० जणांनी नदीच्या मुखावर पहारा ठेवावा आणि ४० जणांनी दोन महिने मुलूख धुंडाळावा. खनिजे आणि पलीकडच्या समुद्राला जाणारी वाट यांचा शोध त्यात आला. शेती सांगितली होती हे खरे, पण ती एक चतुर्थांश माणसांची. उरलेल्या पोटाची सोय कुठून? त्याचेही उत्तर त्याच कागदात आहे. स्थानिकांशी मका व टिकाऊ अन्नाचा व्यापार करा, आणि तुम्ही इथे कायमचे राहायला आला आहात हे त्यांना उमगण्याआधीच करा.

या एका वाक्यात पुढची सारी दुर्दशा साठलेली आहे. शेजाऱ्याच्या कणगीवर आपले पोट अवलंबून राहणार, हे कंपनीला ठाऊक होते. शेजारी आपला हेतू कळताच कणगी बंद करील, हेही ठाऊक होते. त्यासाठीची तरतूद एकच, आधी घाई करणे आणि नंतर लपवणे. आपली माणसे मेल्याचे स्थानिकांना कळू देऊ नका आणि इतरांचा धीर खचेल असे काही कोणाला पत्रात लिहू देऊ नका, अशीही ताकीद त्याच कागदात आहे.

तो शेजारी कोण होता? इंग्रज ज्याला व्हर्जिनिया म्हणत, तिथल्या लोकांच्या लेखी तो त्सेनाकोमाका हा मुलूख होता. सुमारे तीस जमाती आणि अंदाजे चौदा-पंधरा हजार लोक वाहुनसेनाकॉ या प्रमुखाला मानत. इंग्रज त्याला पोव्हॅटन म्हणत. हे रान नव्हते, वसलेला देश होता. शेती बायका करीत. मातीच्या उंचवट्यांवर मका, त्याच्या ताटावर चढणारा घेवडा आणि खाली पसरणारा भोपळा. नांगराच्या सरळ ओळी पाहायची सवय असलेल्या इंग्रजाला ते शेत शेतासारखे दिसत नसे. पुरुष शिकार करत आणि मासे धरत, म्हणून इंग्रजांनी त्यांना आळशी ठरवले. गंमत अशी की इंग्लंडमध्ये शिकार हा खानदानी लोकांचा शौक होता. आळसाचा आरोप किती स्वस्तात करता येतो, याचा हा पहिला नमुना.

या लोकांचेही वर्ष बारमाही सुबत्तेचे नव्हते. मक्याचा साठा हिवाळ्याच्या अखेरीस संपत येई. मग गावे पांगत. कोणी शिकारीला, कोणी मासेमारीला, कोणी दलदलीतून टकाहो नावाचे कंद उपटायला जाई. हे कंद कच्चे विषारी असतात, ते भाजून-वाळवून खायचे तंत्र बायकांकडे होते. नव्या पिकापर्यंतचे ते महिने ओढगस्तीचेच असत. इंग्रजांची मक्याची मागणी नेमक्या त्याच दिवसांत सर्वांत तीव्र होई.

त्यातच आभाळ फिरले होते. ही गोष्ट १९९८ पर्यंत कोणालाच नीट ठाऊक नव्हती. त्या वर्षी संशोधकांनी या किनारी प्रदेशातील सायप्रस वृक्षांच्या खोडातील वार्षिक कडी मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केला. १६०६ ते १६१२ ही सात वर्षे त्या भागातील ७७० वर्षांतल्या सर्वांत कोरड्या सप्तवार्षिक काळाची होती. म्हणजे इंग्रज उतरले ते भर दुष्काळात. मका मागणाऱ्याकडे नव्हताच, देणाऱ्याकडेही पुरेसा नव्हता. पोव्हॅटनच्या लोकांनी कणग्या झाकल्या त्याला इंग्रजांनी कपट म्हटले. दुष्काळी सालात पाहुण्यापुढे कणगी झाकणारा शेतकरी जगात कुठेही सापडेल.

आता कोटातला दिवस. तीन बाजूंचा मेढेकोट, प्रत्येक कोपऱ्यावर तोफांचा बुरूज. १६०७ च्या मे अखेरीस सुमारे दोनशे योद्ध्यांचा हल्ला झाल्यावर तो घाईने उभारला गेला आणि १५ जूनपर्यंत पूर्ण झाला. भर उन्हाळ्यात लाकडे तोडणे, ओढणे, पुरणे. रात्रपाळीचा पहारा. आत तंबू, खड्ड्यांवर छप्पर टाकलेली घरे, कुडाच्या झोपड्या. १६०८ च्या जानेवारीत, रसदीचे जहाज येऊन आठवडाही झाला नव्हता तोच आग लागून त्यांतील बरीचशी जळून गेली, ऐन कडाक्याच्या थंडीत.

पाण्याचे वर्णन वर आलेच आहे. कोटात गोड्या पाण्याची विहीर खणली गेली ती १६०९ च्या सुमारास. तोवर दोन उन्हाळे नदीचेच मचूळ पाणी. भूगोलतज्ज्ञ कारव्हिल अर्ल यांनी १९७९ मध्ये दाखवले की जेम्सटाउनजवळच्या पट्ट्यात उन्हाळ्यात नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी एकमेकांना अडवून धरतात. त्यामुळे माणसांची घाण वाहून न जाता तिथेच फिरत राहते. अर्ल यांच्या मते टायफॉइड, हगवण आणि मिठाची विषबाधा या तिन्हींचे मूळ त्या पाण्यात होते. त्याच वर्षी कॅरेन कुपरमन यांनी आणखी एक बाजू मांडली. सुस्ती, उदासी, हातपाय न हलवता पडून राहणे ही निकृष्ट आहाराचीच लक्षणे असू शकतात. विशेषतः निव्वळ मक्यावर जगणाऱ्याला पेलाग्रा होतो आणि तो माणूस अगदी आळशासारखाच दिसतो.

याविरुद्ध एडमंड मॉर्गन यांचा १९७१ चा निबंध आहे. त्यांच्या मते इंग्लंडमधूनच ही माणसे कमी कामाची सवय घेऊन आली होती, आणि सैन्याच्या धर्तीवरील मोहिमेत शेतमजुरीची कोणाला अपेक्षाच नव्हती. मॉर्गन यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. १६०८ च्या जानेवारीत आलेल्या तुकडीच्या यादीत सोनार आहेत, धातू गाळणारे आहेत, जवाहिऱ्या आहे, आणि एक अत्तरवालाही आहे. उपाशी कोटात अत्तरवाला काय करणार होता, हे लंडनलाच ठाऊक! पण ही यादी त्या अत्तरवाल्याने बनवली नव्हती. ती कंपनीने मंजूर केली होती. त्या वसंतात माणसे चमकती माती खणून जहाजात भरत बसली. ती माती लंडनमध्ये मातीच ठरली. हा त्या माणसांचा हव्यास होता तसाच हुकूमही होता. त्या शरद ऋतूत कंपनीचे जे फर्मान आले त्यात जॉन स्मिथच्या सांगण्यानुसार सोन्याचा गोळा, दक्षिण समुद्राची खात्रीशीर वाट किंवा रॅलेच्या हरवलेल्या वसाहतीतील एखादा माणूस यांपैकी काहीतरी आणण्याची मागणी होती. सफरीचा २००० पौंड खर्च भरून निघाला नाही तर तुम्हांला तिथेच वाऱ्यावर सोडू, अशी धमकीही होती.

त्याच जहाजातून पोव्हॅटनसाठी तांब्याचा मुकुट, पलंग, तस्त आणि तांबडा झगा आला. त्याला राजा जेम्सचा मांडलिक म्हणून मुकुट घालायचा होता. तो गुडघे टेकीना. शेवटी खांदे दाबून त्याला किंचित वाकवले आणि मुकुट डोक्यावर ठेवला. परतभेट म्हणून त्याने आपले जुने जोडे आणि अंगावरचे पांघरूण दिले. मका दिला तो मोजकाच.

जॉन स्मिथ १६०८ च्या सप्टेंबरात अध्यक्ष झाला. काम न करणाऱ्याला खायला मिळणार नाही, हा त्याचा प्रसिद्ध नियम बायबलमधून घेतलेला. त्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण ते मृत्यू कशाने टळले? विहीर, मासे धरण्याची व्यवस्था, आणि मुख्यतः नदीच्या वरच्या अंगाला जाऊन आणलेला मका. तो कधी तांबे देऊन मिळाला, कधी काचमणी देऊन, आणि कधी बंदूक रोखून. १६०९ च्या जानेवारीत पोव्हॅटनचा भाऊ ओपेचानकानॉ याला त्याच्याच माणसांसमोर केसांनी धरून मक्याची मागणी करण्यात आली. तांब्याचा भावही तोवर कोसळला होता. जहाजांवरचे खलाशी गुपचूप तांबे वाटून हवे ते घेत, म्हणून कालपर्यंत मूठभर तांब्यात मिळणारा मका आज ओंजळभर देऊनही मिळेना. बाजार नसलेल्या वखारीने स्वतःच्या चलनाचेही मातेरे केले होते. वसंतात कोठार उघडले तर साठवलेला मका निम्मा उंदरांनी खाल्लेला आणि उरलेला कुजलेला निघाला. ते उंदीरही जहाजांतूनच आलेले. मग स्मिथने माणसे पांगवली, काही नदीच्या खाली कालवांवर जगायला, काही धबधब्याकडे. पोव्हॅटनच्या लोकांची ओढगस्तीतील रीतच त्याने नकळत उचलली.

एका गोष्टीकडे फारसे कोणी पाहत नाही. या वर्षांत जेम्सटाउनचे काही मुलगे पोव्हॅटनच्या गावांत राहत होते. तेरा वर्षांचा थॉमस सॅव्हेज १६०८ मध्ये नामॉनटॅकच्या बदल्यात दिला गेला, भाषा शिकण्यासाठी. चौदा वर्षांचा हेन्री स्पेलमन १६०९ च्या उन्हाळ्यात आला आणि जवळजवळ लगेच एका गावाच्या सौद्यात पोव्हॅटनच्या मुलाकडे सोपवला गेला. त्याला ते विकणेच वाटले. पण १६०९-१० च्या हिवाळ्यात कोटात माणसे मरत होती, तेव्हा हा विकलेला पोरगा पोटोमॅकच्या काठी पॅटावोमेक लोकांकडे जेवत होता. वय, वंश, कामाची सवय, सारे कोटातल्यांसारखेच. फरक एवढाच की तो भरलेल्या चुलीजवळ होता.

त्या हिवाळ्याला उपासमारीचा काळ म्हणतात. १६०९ च्या जूनमध्ये नऊ जहाजांचा ताफा निघाला, वादळात सापडला, आणि मुख्य जहाज ‘सी व्हेंचर’ अधिकारी व रसदीसह बर्म्युडाच्या खडकावर फुटले. बाकीची जहाजे कशीबशी पोहोचली ती शेकडो तोंडे घेऊन आणि धान्य जवळपास नसताना. दारूगोळ्याच्या स्फोटात भाजलेला स्मिथ ऑक्टोबरात इंग्लंडला परतला. पोव्हॅटनने कोटाला वेढा घातला. बाहेर पडणारा मारला जाई, आत राहणारा उपाशी मरे. घोडे संपले, मग कुत्री-मांजरे, मग उंदीर, साप, जोड्यांचे कातडे. पर्सी आता अध्यक्ष होता. पुढचे त्याने लिहिले ते लोकांना दीर्घकाळ अतिशयोक्ती वाटत आले.

मे १६१० मध्ये बर्म्युडातून वाचलेले लोक दोन नव्या नावा बांधून पोहोचले तेव्हा कोटात सुमारे ६० सांगाडे चालत होते. दोनशेहून अधिक माणसे हिवाळ्याच्या तोंडी होती. ७ जूनला सर्वांनी जेम्सटाउन सोडले. नदीच्या मुखाकडे जाताना लॉर्ड डे ला वॉरची रसद भेटली आणि त्यांना परत फिरवण्यात आले.

याच हिवाळ्यात नदीच्या मुखावरच्या छोट्या किल्ल्यातील इंग्रज सुखात होते. पर्सी मे महिन्यात तिथे गेला तेव्हा ते खेकड्यांवर आपली डुकरे पोसताना आढळले, आणि जेम्सटाउनपासून हे त्यांनी लपवले होते. बातमी पोहोचली असती तर कित्येक वाचले असते. म्हणजे दोष माणसांचाही होता. पण तो नांगर न धरणाऱ्या जंटलमनचा नव्हता, सत्ता आणि साठा हाती असलेल्यांचा होता.

आता कंपनीकडे वळावे. १६१० मध्येच तिने एक पुस्तिका छापली, वसाहतीच्या खऱ्या स्थितीचे निवेदन म्हणून. तीत दुर्दशेचे खापर वसाहतवाल्यांच्या आळसावर आणि बेशिस्तीवर फोडले आहे. माणसाने माणूस खाल्ल्याची कुजबुज लंडनपर्यंत पोहोचली होती, तिचाही समाचार घेतला आहे. एकाने बायकोला मारून तिचे तुकडे लपवले हे खरे, पण तो तिचा द्वेष करत होता, आणि झडतीत त्याच्या घरी पीठ व कडधान्य भरपूर सापडले, म्हणजे भूक नव्हतीच, असा युक्तिवाद. नव्या भागधारकांना हेच ऐकायचे होते.

२०१२ मध्ये जेम्सटाउनच्या उत्खननात एका तळघराच्या भरावात, खाल्लेल्या घोड्यांच्या व कुत्र्यांच्या हाडांसोबत, एका मुलीची कवटी आणि पायाचे हाड मिळाले. वय सुमारे १४. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याकडची असावी, असे हाडांच्या पृथक्करणावरून दिसते. कपाळावर चार उथळ, चाचरते घाव, मग मागून जोरदार घाव, जबड्यावर सुरीच्या खुणा. विल्यम केल्सो आणि डग्लस ओस्ली यांनी २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केला की हे मृत्यूनंतर मांस काढल्याचेच पुरावे आहेत. खरे नाव अज्ञात असल्याने तिला जेन म्हटले गेले. पर्सी खरे लिहीत होता आणि कंपनीची पुस्तिका खोटे.

जे कागद नरमांसाबद्दल खोटे बोलतात त्यांचाच आळसाबद्दलचा दाखला मात्र निमूट स्वीकारावा, हे इतिहासाच्या कोणत्या शिस्तीत बसते? दुसरा मोठा साक्षीदार जॉन स्मिथ. त्याचा मोठा इतिहासग्रंथ १६२४ चा, आणि त्याचा सारांश असा की तो होता तोवर सारे ठीक होते. त्याला इतर सगळे आळशी ठरण्यातच लाभ होता. तिसरा, ज्याच्या पुस्तकात लोक रस्त्यांत लाकडी चेंडूंचा खेळ खेळताना सर थॉमस डेलला आढळल्याची गोष्ट येते, तो राल्फ हेमर. डेलच्या कडक कारभाराचे समर्थन करणे हा त्याच्या पुस्तकाचा एक हेतूच होता. आळसाची कथा ज्यांनी सांगितली त्या प्रत्येकाच्या हाती काहीतरी विकायला होते.

आणि त्या कथेवर कायदे उभे राहिले. १६१० पासून लष्करी कायदा आला, डेलने १६११ मध्ये तो वाढवला, १६१२ मध्ये तो लंडनात छापला गेला. ढोल वाजला की काम, ढोल वाजला की प्रार्थना, दिवसातून दोनदा. त्यातील काही कलमे शहाणपणाची आहेत. विहिरीजवळ भांडी धुवायची नाहीत, कोटापासून पाव मैलाच्या आत शौचाला बसायचे नाही. चार वर्षांच्या हगवणीनंतर सुचलेले शहाणपण. पण अन्नाच्या चोरीला? दोन-तीन मापे ओट चोरणाऱ्या एकाच्या जिभेत दाभण खुपसून त्याला झाडाला साखळीने बांधले आणि उपाशी मरू दिले, असे जुन्या वसाहतवाल्यांनी पुढे लिहून दिले. पोव्हॅटनच्या लोकांकडे पळून जाऊन पकडले गेलेल्यांना फाशी, जाळणे, चाकावर हाडे मोडणे अशा शिक्षा झाल्या, हे पर्सीच सांगतो. लोक भाकरीकडे पळत होते. शिक्षेचा तडाखा त्या वाटेवर होता.

ॲन बरस ही १६०८ च्या शरद ऋतूत आलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी एक. मिसेस फॉरेस्ट यांची दासी, वय चौदाच्या आसपास. काही आठवड्यांत जॉन लेडन या सुताराशी तिचे लग्न झाले, व्हर्जिनियातील पहिले इंग्रज लग्न. उपासमारीच्या हिवाळ्यातून ती वाचली. पुढे डेलच्या अमलात तिला आणि जेन राइटला कोठारासाठी सदरे शिवायचे काम दिले गेले. सुताची टंचाई होती, सदरे आखूड झाले. त्याबद्दल दोघींना फटके मारण्यात आले. ॲन गरोदर होती. तिचा गर्भपात झाला. ही साक्ष पुढे न्यायालयाच्या नोंदींत आली म्हणून कळते. पाच पिढ्यांच्या शालेय पुस्तकांत रस्त्यावरचा तो खेळ आला, हे सदरे आले नाहीत.

चूल कोण सांभाळत होते, याचाही माग मातीत मिळाला आहे. १९९४ पासून केल्सो यांच्या चमूने, नदीत वाहून गेला असे समजला जाणारा कोट खणून काढला. त्यात इंग्रजी भांड्यांइतक्याच सहजतेने पोव्हॅटन पद्धतीची, वापराने काजळलेली मडकी सापडतात. मका आला, तो शिजवण्याची भांडी आली, आणि काही काळ तरी त्या शिजवणाऱ्या बायकाही कोटात असाव्यात, असा उत्खननकर्त्यांचा तर्क आहे. जॉन स्मिथच्या पुस्तकात त्यांच्यासाठी जागा नाही.

वखारीला अखेर विकण्याजोगा माल सापडला. जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास गोड जातीचा तंबाखू लावला, १६१४ मध्ये तो लंडनला जाऊ लागला, त्याच वर्षी त्याने पोकाहोन्टसशी लग्न केले. डेलने माणशी तीन एकर स्वतःची जमीन लावायला दिली आणि मका एकदम पिकू लागला. त्याच ‘आळशी’ माणसांकडून. हा पुरावा कोणीही ताडून पाहावा. तोवर सारे पीक सामायिक कोठारात जाई आणि कष्टाचे फळ लंडनच्या खात्यात. डेल पुढे स्मिथ साहेबांच्या दुसऱ्या कंपनीच्या नोकरीत गेला आणि १६१९ मध्ये मसुलीपट्टणला वारला.

१६१७ मध्ये सॅम्युअल आर्गल जेम्सटाउनला आला तेव्हा रस्ते आणि बाजारपेठेची मोकळी जागाही तंबाखूने भरलेली होती. पोट पुन्हा दुय्यम झाले होते. तंबाखूला हात हवे होते. १६१९ च्या ऑगस्ट अखेरीस पॉइंट कम्फर्टला वीसहून काही अधिक आफ्रिकी माणसे उतरवली गेली आणि अन्नाच्या बदल्यात विकली गेली. तंबाखूला जमीनही हवी होती, आणि ती पोव्हॅटन बायकांनी आधीच साफ केलेली शेते होती. २२ मार्च १६२२ रोजी ओपेचानकानॉच्या उठावात ३४७ वसाहतवाले मारले गेले. त्यानंतर इंग्रजांनी ठरवून मका पिकेपर्यंत वाट पाहायची आणि मग गावे जाळायची, ही रीत धरली. भुकेचे शस्त्र आता उलट दिशेने फिरले होते.

१६२४ मध्ये राजाने कंपनीची सनद रद्द केली. तोवर सहा हजारांहून अधिक माणसे पाठवली गेली होती, आणि १६२५ च्या शिरगणतीत सुमारे १२०० सापडली.

१६२३ मध्ये मार्टिन्स हंड्रेड येथून रिचर्ड फ्रेथॉर्न या करारबद्ध नोकराने आईवडिलांना लिहिलेली पत्रे शिल्लक आहेत. पहिला कोट उभा राहून सोळा वर्षे झाली होती. वाटाणे आणि पाण्यासारखी पेज यापलीकडे काही मिळत नाही, अंगरखा एकाने चोरला, पहाटेपासून रात्रीपर्यंत काम आहे, असे तो लिहितो. आळसाची तक्रार त्याच्याविरुद्ध कोणी केलेली दिसत नाही. मला सोडवा, आणि ते जमत नसेल तर थोडे चीज, लोणी, मांस पाठवा, विकून आलेला नफा तुम्हांलाच पाठवीन, असा सौदाही तो बापापुढे ठेवतो. पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत वसाहतीची जी यादी तयार झाली, तिच्यात त्याचे नाव मृतांमध्ये आहे.